गंजावरची गोळी

मिस्त्रींचे वडील गेले तेव्हा त्यांच्या उजव्या पायाच्या जागी चादर सपाट होती. आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा सगळा पाय, असा तो माणूस हप्त्याहप्त्यानं गेला. शेवटी शेवटी ते मुलाला हाक मारून म्हणायचे, "अरे, तळव्याला खाज सुटलीय, जरा खाजव." आणि जिथं तळवा नव्हताच तिथं मुलगा चादरीवर उगाच बोटं फिरवायचा. म्हणूनच चाळिशीत डॉक्टरांनी मिस्त्रींना सांगितलं की बापाची साखर तुमच्याकडेही आलीय, तेव्हा ते घरी आल्या आल्या मोजे काढून बसले.

"काय बघताय?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. दहाच्या दहा आहेत का बघतोय."

हा विनोद होता. हसलं कुणीच नाही.

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होते. उंच इमारतीच्या पोटात एक काळोखा उभा बोगदा असतो, त्यातून लिफ्ट खाली-वर करते. त्याला शाफ्ट म्हणतात. मिस्त्रींची उभी हयात त्या शाफ्टमध्ये गेली. लोकांना लिफ्टचा आरसा माहीत असतो, बटणं माहीत असतात. मिस्त्रींना लिफ्टचं डोकं माहीत होतं, म्हणजे तिचं छप्पर. त्यावर उभं राहून, हातात बटणांची छोटी पेटी धरून लिफ्ट मुंगीच्या पावलांनी चालवायची आणि दोर, रेल, पट्ट्या तपासत जायचं, हे त्यांचं काम. जोडीला असायचा बायकोचा सख्खा भाऊ. घरात तो सगळ्यांत लहान म्हणून त्याचं नाव धाकटा पडलं, आणि डोक्यावर पांढरं आलं, दोन पोरांचा बाप झाला, तरी ते काही सुटलं नाही. त्याला कंपनीत चिकटवलं मिस्त्रींनीच. दोघांचं चांगलं जमायचं. एक वर, एक खाली, आणि मधे फक्त आवाज. आवाजावरून एकमेकांची नाडी कळायची म्हणा ना.

साखर कळल्यानंतर पहिली काही वर्षं मिस्त्री अगदी शहाण्यासारखे वागले. गोळ्या वेळेवर, चालणं रोजचं. मग हळूहळू ढिलाई आली. दुखत काहीच नाही, तर माणूस किती दिवस भिऊन राहणार? कामावरच्या चहाबरोबर एक बिस्कीट आलं, एकाचा पुडा झाला. डॉक्टरांनी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यायला सांगितलं होतं, तो "पुढच्या महिन्यात" कधी उजाडलाच नाही. भीती मात्र आत होती. पावलं बघायची सवय सुटली होती, कारण बघायला गेलं की वडील आठवायचे.

अशा वेळी त्यांना दहाव्या मजल्यावरचे काका भेटले.

एका इमारतीत काम चालू असताना हे काका रोज पाणी विचारायला यायचे. निवृत्त माणूस, वाचनाचं वेड, आणि ऐकायला घरात कुणी नाही. मिस्त्रींना साखर आहे म्हटल्यावर त्यांनी खुर्चीच ओढून आणली.

"मिस्त्री, लोखंडाला हवा-पाणी लागलं की काय होतं?"

"गंज चढतो."

"मग तुमच्या रक्तवाहिन्यांचं वेगळं काय होणार? साखर वाढली की त्या आतून गंजतात. बारीक नळ्या आधी जातात. डोळ्यातल्या, किडनीतल्या, पायातल्या. आणि ई आणि सी व्हिटॅमिन म्हणजे काय, माहितीय? गंजरोधक! अँटिऑक्सिडंट!"

मिस्त्रींच्या हातातलं काम थांबलं. इतकी वर्षं डॉक्टर काय काय सांगत होते, त्यातलं डोक्यावरून जायचं ते जायचं, पण हे सरळ काळजात उतरलं. गंज! ज्याच्याशी रोजची हातघाई, तोच आपल्या अंगात बसलाय होय? काकांचं अर्धं खरं होतं, आणि अर्धं खरं पुऱ्या खोट्यापेक्षा सहज गळी उतरतं. त्याच संध्याकाळी मिस्त्री औषधाच्या दुकानात गेले. ई म्हणजे तेलाच्या थेंबासारख्या मऊ, पिवळट कॅप्सूल. सी म्हणजे चघळायच्या आंबट गोळ्या. काकांनी एक सांगितली होती. मिस्त्रींनी मनाशी म्हटलं, जुना गंज आहे, एका हाताचं तेल पुरायचं नाही. ते दोन-दोन, तीन-तीन घ्यायला लागले.

बायको छापखान्यात पुस्तकं बांधायची. दिवसभर पानांच्या घड्या घालून तिची नजर अशी झाली होती की एक कोपरा वाकडा गेला तरी तिला टोचायचा. तिनं बघितलं की खिशातली ही नवी डबी रोज रिकामी होतेय आणि साखरेच्या गोळ्यांची पट्टी मात्र आहे तिथंच आहे.

"आधीची औषधं बंद केली की काय?"

"बंद कशाला करीन? कधी राहते एखादी. ही मुळावर काम करते गं. ती नुसती आकडे खाली आणते."

"मग आकडे आलेत का खाली?"

बोटाला टोचून साखर मोजायचं यंत्र घरात होतं. बायकोनं ते पुढं केलं. आकडा आला तो तिनं त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. मिस्त्री मात्र हसले. सी व्हिटॅमिन जास्त घेतलं की काही यंत्रं साखर जास्त दाखवतात, असं गोळ्यांच्या डबीतल्या कागदावर बारीक अक्षरात छापलं होतं. "बघ, इथं लिहिलंय. यंत्र चुकतंय." त्या दिवसापासून मिस्त्रींना प्रत्येक वाईट आकड्याला उत्तर सापडलं. तिनं लॅबमध्ये जाऊन तपासून या म्हणून पाठ धरली. त्यावर "पुढच्या महिन्यात" होतंच.

मग डावा डोळा धुरकट झाला. सरळ रेषेकडे बघितलं तर तिला मधेच पोक आल्यासारखं दिसायचं. मिस्त्रींनी चष्म्याचा नंबर वाढला म्हणून मनाची समजूत घातली आणि ईची एक कॅप्सूल वाढवली. धूर दाट होत गेला, शेवटी त्या डोळ्याला जेमतेम उजेड कळायचा. कंपनीत वर्षाची डोळे तपासणी आली. तपासनीस म्हणाला, एक डोळा झाका. त्यांनी डाव्या हातानं डावा झाकून धडाधड अक्षरं वाचली. आता दुसरा झाका म्हटल्यावर उजव्या हातानं पुन्हा डावाच झाकला आणि तीच अक्षरं पुन्हा वाचली. तपासनिसाचं लक्ष घड्याळाकडे होतं. बाहेर येऊन मिस्त्रींनी ही गंमत कुणालाही सांगितली नाही. धाकट्यालासुद्धा. हसून सांगण्यासारखी होती, पण ती सांगताना आवाज कापला असता, आणि धाकट्यानं तो बरोबर ओळखला असता.

तो दिवस साधाच उजाडला. एका निवासी इमारतीत लिफ्ट चालताना तळातून करकर यायची. शाफ्टच्या बुडाशी छातीभर खोल खड्डा असतो, त्यात दोर ताणून धरणारं एक चाक असतं. तेच बहुधा कुठंतरी घासत होतं. ते बघायचं तर लिफ्ट हलती हवी, आणि लिफ्ट हलायची तर सगळी दारं बंद हवीत. म्हणजे एकानं खड्ड्यात उतरून दार लावून घ्यायचं, दुसऱ्यानं वर लिफ्टच्या डोक्यावर राहून ती चालवायची. धोका होता, म्हणून ठरलेला नियमही होता.

"तिसऱ्याच्या खाली येत नाही," मिस्त्री म्हणाले.

"आलात तर ताई जेवायला घालणार नाही," धाकटा म्हणाला आणि बॅटरी घेऊन शिडीनं खाली उतरला.

शाफ्टच्या भिंतीवर प्रत्येक मजल्याला पिवळ्या रंगात मोठा आकडा रंगवलेला असतो. मिस्त्रींनी लिफ्ट वर नेली, खाली आणली, पुन्हा वर नेली. खालून धाकट्याचा आवाज यायचा: "हां, येतंय... थांबा... परत या." सातवा गेला. सहावा गेला. बटण अंगठ्याखाली दाबलेलं होतं. अशा वेळी लिफ्ट बटण दाबून धरलं तरच चालते, सोडलं की थांबते. पाचव्याच्या जवळ मिस्त्रींच्या नजरेसमोर एक काळा धागा तरंगला. शाफ्टमध्ये कोळिष्टकं काय कमी असतात? त्यांनी मोकळ्या हातानं तो बाजूला केला. धागा बाजूला झाला नाही. त्याला फाटे फुटले. पाण्यात शाईचा थेंब सोडावा तसं काहीतरी पसरायला लागलं. चष्म्यावर चिकटलं असेल म्हणून त्यांनी चष्मा काढला, बाहीला पुसला, परत लावला.

समोर भिंत नव्हती. दिवा नव्हता. तांबूस काळा पडदा होता आणि तो हलत होता.

उजवा डोळा. चांगला डोळा.

माणूस घाबरला की मूठ सोडत नाही, आवळतो. मिस्त्रींचा अंगठा बटणावर होता तो तिथंच घट्ट रुतला. लिफ्ट उतरत राहिली. किती उतरली, त्यांना पुढं कधीच सांगता आलं नाही. कानात एकदम किंकाळीसारखा आवाज घुसला.

"भाऊजी!"

लिफ्ट हिसका खाऊन थांबली. खड्ड्यात एक लाल स्विच असतो, तो दाबला की लिफ्ट जागच्या जागी थांबते. धाकट्याची मूठ त्यावर बसली होती.

"काय करताय काय तुम्ही? तिसऱ्याच्या खाली येणार नव्हतात ना?" आवाज पायाखालून, अगदी जवळून येत होता. "मी उकिडवा बसलोय, माझ्या पाठीला टेकलीय ही! वर घ्या!"

मिस्त्रींच्या जिभेवर उत्तर तयार होतं: बटण अडकलं होतं रे. इतक्या महिन्यांची सवय, खोटं आपसूक ओठाशी येऊन उभं राहिलं. पण त्या खोट्यावर विसंबून धाकटा तो लाल स्विच सोडणार होता.

"मला दिसत नाहीये."

"बॅटरी लावा मग!"

"बॅटरी नाही रे. डोळे. मला काहीच दिसत नाहीये."

पाण्याचा चुबुक असा आवाज आला. खड्ड्यात झिरपलेलं पाणी होतं आणि धाकटा त्यात बसला होता.

"कधीपासून?"

"उजवा आत्ता गेला. आत्ता, या घडीला."

"आणि डावा?"

मिस्त्री बोलले नाहीत. ते न बोलणं धाकट्यानं ऐकलं.

मग दोघांनी वॉचमनला हाका मारल्या. घसा फुटेस्तोवर मारल्या. पलीकडच्या खोलीत पाण्याचा पंप घरघरत होता, बंद दारातून हाक जाणार कुठं? धाकट्याचा फोन दाराबाहेर पिशवीत राहिला होता, मिस्त्रींचा खिशात होता, पण शाफ्टमध्ये त्याला रेंज नव्हती. खड्ड्यातून बाहेर पडायचं दार लिफ्टनं अडलेलं. बराच वेळ गेला. धाकट्याचा श्वास वर ऐकू यायला लागला, तुटक, वाकलेल्या छातीतून निघणारा.

"भाऊजी, माझ्या पायात गोळे येतायत. असं बसवणार नाही फार वेळ. तुम्ही वर घ्या."

"मला पेटी दिसत नाही."

"हाताला तर कळते ना?"

पेटी हातातून सुटून वायरीवर लोंबत होती. मिस्त्री गुडघ्यावर बसले आणि चाचपडत तिला धरलं. दोन बटणं, दोन्ही सारखीच गोल, सारख्याच आकाराची. एक वर, एक खाली. पण पेटी हातात सुलटी आहे की उलटी? हजारदा हाताळलेली वस्तू आणि आज अनोळखी. त्यांनी वायर शोधली. वायर पेटीच्या बुडातून निघते. म्हणजे वायरीकडचं बटण खालचं, लांबचं वरचं. त्यांनी बोट वायरीवरून सरकवत पेटीपर्यंत नेलं, पहिलं बटण ओलांडलं, दुसऱ्यावर ठेवलं. मग खात्री वाटेना. पुन्हा पहिल्यापासून केलं.

"कुठल्या बटणावर बोट आहे?"

"वरच्या."

"नक्की?"

"नक्की."

"ताईची शपथ घ्या."

"तुझ्या ताईची शपथ."

"मी स्विच सोडतो. हात त्यावरच ठेवतोय. सोडला... आता!"

मिस्त्रींनी बटण दाबलं. लिफ्ट सुटताना आधी बोटभर खाली बसली. जड लिफ्ट ब्रेक सुटला की तशी बसते, हे दोघांनाही माहीत होतं, तरी खालून जो आवाज आला तो मिस्त्रींच्या कानातून पुढं कित्येक महिने गेला नाही. आणि मग ती वर चढली. सावकाश चढत राहिली.

"बास!" धाकटा ओरडला. "बास, बास, सोडा!"

तो शिडीनं बाहेर आला, जिना चढला, दार उघडून त्यानं मिस्त्रींच्या दंडाला धरलं. "इकडं. पाय उचला. अजून. हां." बस, एवढंच बोलला. त्याचे कपडे चिंब होते आणि हात गार होता. टॅक्सीत बसल्यावर त्यानं विचारलं, "डावा कधीपासून?"

"वर्ष झालं असेल."

त्यानंतर दवाखाना येईपर्यंत तो फक्त टॅक्सीवाल्याला रस्ता सांगत होता.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचा आवाज तरुण होता, बोलणं मात्र मोजकं. त्यांनी थेंब घातले, प्रकाश मारला, यंत्राला हनुवटी टेकवायला लावली. "उजव्या डोळ्याच्या आत रक्त साकळलंय. साखरेमुळे पडद्यावर नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात, त्यातली एक गळली. डाव्याच्या पडद्याला सूज आहे, ती जुनी. औषधं काय घेता?"

मिस्त्रींनी खिशातून डबी काढून हवेत धरली.

"ही नाही. साखरेची."

"ती... तीही घेतो. पण ही गंजावरची आहे. अँटिऑक्सिडंट."

बाई हसल्या नाहीत, याचं मिस्त्रींना फार बरं वाटलं. त्या म्हणाल्या, "कल्पना वेडी नाही. साखरेनं रक्तवाहिन्यांवर तसा मारा होतो, हे खरंय. परीक्षानळीत ही व्हिटॅमिनं तो मारा कमीही करतात. म्हणून तर हजारो माणसांना वर्षानुवर्षं देऊन बघितली. माणसात तो फायदा दिसला नाही. हृदयाला नाही, डोळ्यालाही वाचवल्याचा पुरावा नाही. फळं-भाज्या खा, हवं तेवढं खा. पण ही गोळी म्हणजे ब्रेक नाही. ब्रेक म्हणजे साखर आणि रक्तदाब आवाक्यात ठेवणं."

"यंत्र साखर जास्त दाखवायचं. व्हिटॅमिनमुळे."

"थोडी दाखवतही असेल. आम्ही आत्ता शिरेतून रक्त घेतलं, ते लॅबमध्ये तपासलं. तिथंही आकडा तेवढाच वर आहे." जराशानं त्या म्हणाल्या, "आणि इतकं ई घेतलं तर रक्त थोडं पातळ होऊ शकतं. त्यामुळेच डोळ्यात आलं असं मी म्हणणार नाही. पण त्यानं मदतही झाली नाही."

मग त्यांनी नर्सला मिस्त्रींचे बूट काढायला सांगितले. डोळ्यात हे झालंय म्हणजे पायही बघायला हवेत. उजवा मोजा तळव्याला चिकटला होता. नर्सनं पाण्यानं भिजवून तो सोडवला, आणि काहीतरी ट्रेमध्ये पडलं. टण् असा आवाज आला.

मिस्त्रींनी तो आवाज ओळखला. दाराच्या पट्टीचा छोटा नट.

"हा बुटात होता," नर्स म्हणाली. "करंगळीच्या खाली रुतून बसला होता. दुखत नव्हतं तुम्हाला?"

दुखत नव्हतं. किती दिवस तो पायाखाली होता कुणास ठाऊक, मिस्त्री त्याच्यावर उभे राहून जिने चढले होते. बायको छापखान्यातून नुकती येऊन दारात उभी होती, हे त्यांना तिच्या कपड्यांना येणाऱ्या खळीच्या वासावरून कळलं. ती आत आली नाही. बाहेर जाऊन भावाशी बोलली. दार अर्धवट उघडं होतं.

"ताई, कंपनीत मी काही सांगणार नाही. ते त्यांनीच सांगायचं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर माझ्यापुरते ते मेले."

घरी आल्यावर बायकोनं भांडण काढलं नाही. काढलं असतं तर मिस्त्रींना सोपं गेलं असतं. तिनं पायाची पट्टी बदलली, ताट हातात दिलं, कुठल्या बाजूला काय वाढलंय ते सांगितलं, आणि मग समोर बसून विचारलं, "त्याला खाली उतरवलंत, तेव्हा तुम्हाला दिसत नव्हतं."

"एका डोळ्यानं दिसत होतं."

"माझा भाऊ तिथं अर्धा नव्हता. अख्खा होता."



दुसऱ्या दिवशी ते बायकोचा हात धरून कंपनीत गेले आणि साहेबांसमोर सगळं बोलले. डोळे तपासणीतली हातचलाखीसुद्धा. साहेब आधी हसला, मग त्याला आपण कशाला हसतोय ते कळलं. मिस्त्रींचं शाफ्टमधलं काम त्या घडीला संपलं. नोकरी राहते की जाते, ते नंतर बघू म्हणाला.

पुढचे आठवडे वाईट गेले. डोळ्यातलं रक्त आपोआप विरघळतंय का याची वाट बघायची, नाही विरघळलं तर ऑपरेशन. मिस्त्री खिडकीशी बसून उजेड कुठून येतोय ते ओळखायचे. साखरेसाठी आता इन्सुलिन सुरू झालं होतं, बायको कामावर जाताना त्या इंजेक्शनची तयारी करून ठेवायची. साखर खाली यायला लागली होती, हळूहळू, डॉक्टरांनी बजावल्याप्रमाणे, कारण एकदम खाली आणली तरी डोळ्याला बाधतं. डाव्या डोळ्याच्या सुजेवर त्या डोळ्यातच सुई टोचली. मिस्त्री आयुष्यात कधी ओरडले नव्हते, त्या दिवशी सुई लागायच्या आधीच ओरडले.

आणि मग पाय लाल झाला. एका सकाळी बायको पट्टी सोडताना थबकली.

"काय गं?"

"काही नाही."

"तुझं काही नाही मला कळतं. सांग."

"करंगळी काळी पडलीय."

मिस्त्रींनी पाय मागं ओढून घेतला, जणू तिनंच काही केलं असावं. "नाही जायचं. ते कापतील. बापाचं तसंच झालं, आधी बोट म्हणाले." ते भिंतीकडे तोंड करून बसले. बायकोनं समजावलं, दटावलं, शेवटी ती दुसऱ्या खोलीत गेली आणि फोन लावला. थोड्या वेळानं दार वाजलं. पावलांवरून मिस्त्रींनी ओळखलं. त्या दिवसानंतर धाकटा पहिल्यांदाच घरात आला होता.

"उठा," तो म्हणाला.

"तू कशाला आलास?"

"तुमच्यासाठी नाही आलो. ताईसाठी आलोय. माझ्या पाठीला लिफ्ट टेकली होती, तेव्हा मी तुमच्या बोटावर विश्वास ठेवला. आंधळ्याच्या बोटावर! आता तुम्ही डोळस माणसांवर ठेवा. उठा."

मिस्त्री उठले.

पायाच्या डॉक्टरांनी पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं दाबून नाडी शोधली. बराच वेळ शोधली. मग त्यांनी एक यंत्र लावलं, त्यातून आवाज आला, वाळूतून चालावं तसा, फुस्स, फुस्स. "मोठी वाहिनी चालू आहे," डॉक्टर म्हणाले. "बोट वाचणार नाही. पाऊल वाचेल. पण ते आज केलं तर. आणखी आठवड्यानं आला असतात तर असं बोललो नसतो."

करंगळी गेली. जिवावरचं शेपटावर निभावलं. जखम भरायला मात्र ऋतू बदलावा लागला, आणि मधेच दोनदा ती पुन्हा उघडली तेव्हा सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

डोळ्याचं ऑपरेशन त्याच दरम्यान झालं. आतलं साकळलेलं रक्त काढून टाकलं, पडद्यावर लेझर मारला. पट्टी काढायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी समोर हात धरला. "किती बोटं?"

मिस्त्रींना आधी नुसता पांढरेपणा दिसला. मग त्याला कडा आल्या.

"तीन. आणि अंगठी आहे."

बायकोनं मागं भिंतीला हात टेकला.

उजवा बराचसा परत आला, कडेचं थोडं गेलं ते गेलंच. डाव्यातला धूर निवळला, पण त्याला सरळ रेष अजूनही पोक आल्यासारखी दिसते. कंपनीनं त्यांना फोनवर बसवलं. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की आतलं घंटीचं बटण दाबतात, तो आवाज या फोनवर येतो. मिस्त्री त्यांच्याशी बोलत राहतात, माणूस पोहोचेपर्यंत. "ताई, दाराला हात लावू नका. खाली बसा. मी आहे." त्यांना अडकलेल्या माणसाचा श्वास ऐकून कळतं, कोण रडणार, कोण शिव्या देणार. इमारतीचं नाव ऐकून ते जवळच्या जोडीला धाडतात, आणि त्यात कधीकधी धाकटाही असतो. मग फोनवर कामापुरतं बोलणं होतं.

दहाव्या मजल्यावरच्या काकांनी एकदा फोन करून चौकशी केली. मिस्त्रींनी सगळं सांगितलं. काका म्हणाले, "डोस कमी पडला असेल हो." मिस्त्रींना राग यायला हवा होता. आला नाही. ते म्हणाले, "काका, तुम्ही रक्तदाब कधी बघितला शेवटचा?" मिस्त्रींनी पत्ता सांगितला, दवाखान्याची वेळ सांगितली, आणि पुढच्या फोनवर गेले.

धाकटा मधे एका रविवारी आला. बहिणीनं बोलावलं होतं. जेवणं झाली. बायको मिस्त्रींचे तळवे बघत होती, ती रोजच बघते, बोटांच्या मधेसुद्धा. धाकटा ते बघत होता.

"नवा जोडीदार मिळालाय मला," तो म्हणाला.

"कसा आहे?" मिस्त्रींनी विचारलं.

"बडबड्या आहे. पण त्याला दिसतं. मी आधी बघून घेतलं, दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं."

बायकोचा हात तळव्यावर थांबला. मग मिस्त्रींच्याच घशातून एक विचित्र आवाज निघाला, हसू होतं की काय ते त्यांनाही आधी कळलं नाही.

"झाकणारा हात बघितलास ना? कुठला डोळा झाकतो ते?"

"बघितलं. पुढं उभा राहून बघितलं."

"चांगलं केलंस."

मग उठून धाकट्यानं मिस्त्रींचे बूट उचलले, दारात नेऊन उलटे केले, आत हात घालून चाचपले आणि पुन्हा जागेवर ठेवले. "काही नाही," तो म्हणाला, आणि जायला निघाला.